वहिवाट

फेब्रुवारीच्या वादळात कुंपणाची तिसरी फळी आडवी झाली
आणि क्रॅबट्री कॉप्स थेट माझ्या कपड्यांच्या दोरीपर्यंत आलं.
विमा कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली,
हद्द कुणाची ते आधी कळवा.

हद्द हा शब्द मी अक्षरांच्या आधी शिकले.
बाबा तलाठी होते, भुदरगड तालुक्यात.
कुणाच्या विहिरीत कुणाचे चार आणे,
कुठला आंबा कुठल्या भावाचा,
सगळं त्यांच्या लाल कापडात बांधलेलं असायचं.
पण रेडिंगच्या या टोकाला
अकरा एकरांच्या या झाडीचा सातबारा
कोण काढून देणार?

मिसेस पेनफोल्ड.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोललेली बाई,
गमबूट, गळ्यात दुर्बीण,
खिशात अजून कुत्र्याची बिस्किटं
(कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली).
पडलेल्या फळीवरून सरळ आत शिरल्या.

हे ठोंब बघ, हेझलचे.
दर सात-आठ वर्षांनी बुडापासून तोडायचे,
कोळशाला, कुडाला, पावाच्या भट्टीला,
आणि तोडत राहिलं म्हणूनच
ते मरायचं विसरून गेले.
हा खड्डा एक्केचाळीस सालचा.
विमान दुसरीकडेच निघालं होतं, बॉम्ब इथे पडला.
आता त्यात केशरी पोटाचे न्यूट,
आणि एक सुपरमार्केटची ट्रॉली
जिच्या चाकाला शेवाळ.

मग मी विचारलं, बांध कुठाय?
प्रत्येक रानाला बांध असतोच, म्हणाल्या,
गुरांनी कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून
सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाठ मोडून घातलेला.
चल दाखवते.
आणि झाडीत जायच्या ऐवजी
माझ्या बागेतून, माझ्या स्वयंपाकघरातून
त्या समोरच्या दारानं बाहेर पडल्या.

पोस्टाच्या लाल पेटीजवळ एक उंचवटा आहे.
पोरं त्यावरून सायकली उडवतात.
तोच.

म्हणजे माझं फ्रीज रानात आहे.
माझा जिना, गहाणखत, मसाल्याचा डबा,
सत्त्याऐंशी साली बांधलेला हा सगळा क्लोज
बांधाच्या आतला.
फेरफार झाला, नोंद झाली,
झाडांना नोटीस कुणी बजावली असेल?

त्या रात्री घुबडाची मादी ओरडली
आणि लांबून नरानं जिथून उत्तर दिलं
तिथे आमची बाथरूम आहे.
छतावरच असणार.
इतर हक्क, या रकान्यात बाबांनी
नक्की लिहिलं असतं त्याला.
मंटजॅक हरणानं ट्युलिपच्या माना खाल्ल्या
त्याची फिर्यादही मग मी मनातून मागे घेतली.

मार्चअखेर हिरवळीत, बरोबर दोरीखाली,
सहा पांढऱ्या पाकळ्या.
ऊन आलं की उघडायच्या, ढग आला की मिटायच्या.
ॲनिमोनी, मिसेस पेनफोल्ड गुडघ्यावर बसत म्हणाल्या,
ही शंभर वर्षांत सहा फूट सरकते फक्त.
मी पावलं टाकून मोजलं, सवयीनं.
फुलापासून फळीपर्यंत बावीस फूट.
ही आत आलेली नाही.
ही गेलीच नव्हती कधी;
छत्तीस वर्षं मशीनखाली मान घालून बसली होती.

कागद पंचांना दाखवायचा, बाबा म्हणायचे,
वहिवाट मात्र मातीला विचारायची.

विम्याचा फॉर्म टेबलावर आहे.
लगतच्या मिळकतीचा मालक, पुढे रिकामी रेघ.
पेनचं टोपण काढून बराच वेळ बसलेय.
खिडकीतून दिसतंय,
शेजारचे थर्लो कापलेल्या गवताची बादली
कुंपणापलीकडे ओततायत,
बायको होती तेव्हापासून, दर शनिवारी.
तीही म्हटलं तर वहिवाटच.
ढग आलाय.
दोरीखालचं फूल मिटलं असेल.